बाफल्यांनी आणलेला कारखाना

पुण्याची एक कंपनी कारखान्यासाठी धारच्या बाजूला जागा बघायला येणार असं कळलं, तेव्हा आमच्या उद्योग कार्यालयाचं लग्नघर झालं. साहेब मला म्हणाले, "मैडम, आप तो मराठी हो, इन लोगों को आप ही सम्हालना." मी मूळची देवासची. माझी मराठी ऐकून पुण्यातला भाजीवालासुद्धा हिंदीत उत्तर देतो, पण हे साहेबांना कोण सांगणार?

शिवाय माझा स्वार्थ होता. माझी एकुलती एक मुलगी त्याच कंपनीत, पुण्यालाच नोकरी करते. कारखाना इथे आला की तिची बदली होईल, ती घरी येईल, असे मी मनातल्या मनात मांडे खात होते. सरकारला गुंतवणूक हवी होती, मला मुलगी.

आधी जागा आणि मग जेवण असं ठरलं होतं. पण पाहुणे इंदूरहून वेळेआधीच येऊन थडकले. दारी आलेल्या माणसाला उपाशीपोटी रानोमाळ फिरवायचं म्हणजे माळव्यात पापच. साहेबांनी क्रम फिरवला आणि दाल-बाफल्यांची पंगत बसवली. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकडायचे, मग शेकायचे, मग तुपात बुडवायचे. वर लाडू. पाहुणे हात आडवे धरून नको नको म्हणत होते. आमच्याकडे पहिला नको कुणी मोजत नाही, दुसरा लाजेचा समजतात, आणि तिसऱ्यापर्यंत तूप ओतून झालेलं असतं. हे जेवण झाल्यावर माणूस कामाला जात नाही, आडवा होतो, हे साऱ्या माळव्याला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र कुणालाच आठवलं नाही. मी तर वाढतच होते.

गाडी जागा बघायला पीथमपूरच्या रस्त्याला लागली आणि एकेक मान कलंडायला लागली. पुण्याचे मोठे साहेब चक्क घोरत होते. आमचे साहेब नकाशे छातीशी धरून त्यांच्याही आधी झोपले होते. जागा न बघताच हे लोक परत गेले तर?

ड्रायव्हरने गाडी हळू केली. "मैडम, जगा दूँ इनको?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी भावी कारखान्यात साचलं होतं आणि त्यात म्हशी सुखाने बसल्या होत्या.

"रहने दो भिया," मी म्हटलं, "आराम से एक चक्कर लगा लो."

चहाच्या वेळी सगळे जागे झाले, पण झोपलो होतो हे कबूल कोण करणार? मोठे साहेब म्हणाले, "जागा प्रशस्त आहे." दुसरे म्हणाले, "सपाट पण आहे." आमच्या साहेबांनी मान डोलावली, मीही डोलावली.

काही महिन्यांनी करार झाला, खड्ड्यात भराव पडला, कारखाना उभा राहिला. मी मोठ्या उत्साहाने मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, कोण जाणार म्हणून आम्हाला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तिथे आले की मी परत तुझी छोटी होऊन बसेन." मी बरं म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग तिचाही आला आणि सरकारचाही.

तिच्याऐवजी कंपनीने पुण्याचीच दुसरी एक मुलगी पाठवली. धारमध्ये तिला खोली मीच शोधून दिली, म्हणून तिच्या आईकडे माझा नंबर गेला. परवा त्या बाईंचा फोन आला. "तुमची सरकारात ओळख आहे ना? हिला परत पुण्याला पाठवतील असं काही बघा ना."

"ताई, आमचं खातं फक्त आणायचं काम करतं," मी म्हटलं. "परत पाठवायचं आमच्याकडे नाही."

त्या हसल्या नाहीत. "बरं, जेवते ना हो ती वेळेवर?" एवढंच म्हणाल्या. जेवते म्हणून सांगितलं, फोन ठेवला, आणि लगेच पुण्याला माझ्या मुलीला लावून तेच विचारलं.