क्लॅरिनेटच्या मापाचा दात

“म्याडम, दात लय झ्याक बसलाय. पण फूक गळतीया.”

खुर्चीत टेकता टेकता ज्ञानूमामा म्हणाले. आठ दिवसांपूर्वी मीच त्यांच्या पुढच्या दातावर तात्पुरती कॅप बसवली होती. मी आरसा घेऊन बघितलं. कॅप सरळ, बाईट बरोबर, हिरडी शांत. खोट काही दिसेना. सांगलीत अठ्ठावीस वर्षं मी दातांचा दवाखाना चालवतेय. माझ्या कामात कुणी खोट काढली की माझं डोकं आधी तापतं, मग चालतं.

“कुठून गळते?”

“डाव्या कोपऱ्यातनं. वरचा सूर लावाय गेलं की क्लारनेट चिरकतंय.”

“क्लॅरिनेट? तुम्ही क्लॅरिनेट वाजवता?”

“मग वं. तीस वरसं झाली.”

मी त्यांचा केसपेपर काढला. बीपी, शुगर, तंबाखू, सगळं मी खोदून विचारलं होतं. धंद्याच्या रकान्यात फक्त ‘बँड, माधवनगर’ एवढंच. बँडमध्ये वाजवता काय, हे विचारलंच नव्हतं. मनातल्या मनात त्यांच्या गळ्यात ढोल अडकवून मी मोकळी झाले होते.

मामांचा दात ऊस सोलताना मोडला होता. दात आधीच जुना रुग्ण. कधीतरी रूट कॅनाल झालेलं, निम्मा सिमेंटने भरलेला. त्यांची मुलगी रेश्मा साताऱ्यात पार्लर चालवते. पहिल्या दिवशी ती मोबाइलमध्ये फोटो घेऊनच आली होती. “मॅडम, अप्पांच्या पुढच्या दोन्ही दातांना व्हेनिअर करा. माणूस दहा वर्षांनी लहान दिसतो.”

व्हेनिअर म्हणजे दाताच्या फक्त दर्शनी बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा. भिंतीला टाइल लावतो तसा. टाइल टिकायची तर भिंत भक्कम पाहिजे. क्राउन, ज्याला सगळे कॅप म्हणतात, तो दाताला टोपीसारखा सगळीकडून झाकतो. पोकळ, मोडका दात टोपीनेच सांभाळावा लागतो. त्यामुळे मोडलेल्या दाताला क्राउन, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

वाद झाला शेजारच्या दातावरून. दात ठणठणीत होता, पण त्याच्या मोडक्या दाताकडच्या कोपऱ्याला झिजून एक खाच पडली होती. रेश्मा ऐकेना. “एक नवा कोरा आणि शेजारी हा कुरतडलेला. कसं दिसंल ते?” व्हेनिअर बसवायचं तर चांगला दात पुढून घासावा लागतो. घासलेला दात परत भरून येत नाही. हे मी रोज लोकांना ऐकवते. तरी त्या दिवशी मी हो म्हटलं. दोन दात जोडीने सुंदर दिसावेत हा मोह मलाही झाला. घासायचं ठरलं होतं पुढच्या खेपेला, म्हणजे आज.

“दहा दिसांनी विट्याला पयली वर्डर हाय,” मामा म्हणाले. “मालक म्हणत्यात, क्लारनेट असंच चिरकायचं आसंल तर यंदा कीबोर्डवाला घिऊ. एकदा का कीबोर्ड गाडीवर चढला, म्हंजी आमी खाली उतरलोच.”

आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. घासायचं मशीन बाजूला ठेवलं आणि म्हटलं, “मामा, उद्या क्लॅरिनेट घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी ते रेश्माला घेऊन आले. खुर्चीत बसून त्यांनी पेटी उघडली, वाद्य जोडलं आणि ओठाला लावलं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी माउथपीस असतो. वरचे पुढचे दात त्याच्यावर टेकवून फुंकतात. मी दिवा जवळ घेतला.

“मामा, थांबा. हलू नका.”

माउथपीस शेजारच्या दाताच्या खाचेत अगदी घरी गेल्यासारखा बसत होता. दुसऱ्या बाजूला मात्र माझ्या कॅपचा सुंदर, सरळ कोपरा त्याला उचलत होता. त्यामुळे माउथपीस तिरका, ओठ सैल आणि फूक बाहेर. तीस वर्षांत दोन्ही दात मिळून एक बैठक तयार झाली होती. निम्मी बैठक उसाबरोबर गेली. उरलेली निम्मी मी घासायला निघाले होते.

“रेश्मा, व्हेनिअर रद्द,” मी म्हटलं. “या दाताला मी हातही लावणार नाही. आणि नव्या दाताला तशीच खाच पाडणार.”

“नवं लुगडं आणून फाडायचं का मॅडम?”

“रेश्मे, गप बस,” मामा म्हणाले. “म्याडमना कळतंय.”

कॅपखालचा मूळ दात पुरेसा आखूड आहे, खाचेखाली क्राउनची जाडी नीट राहील, याची खात्री केली. मग बर, म्हणजे दात घासायचं फिरतं टोक, हातात घेतला. कॅपचा कोपरा केसभर घासायचा, मामांनी वाजवायचं. चीं. पुन्हा केसभर, पुन्हा चीं. बाहेर दाढ धरून बसलेल्या एका आजींनी विचारलं, “आत कुणाला कापाय लागलाय का काय?” सातव्या खेपेला चीं आलं नाही. सूर वर गेला आणि तिथेच थांबला, स्वच्छ. मामांनी डोळे मिटले. मी बर खाली ठेवला आणि आनंदाने चक्क टाळ्या वाजवल्या.

त्या कॅपचं माप लॅबला पाठवलं. पक्का दात झिरकोनियाचा, म्हणजे पांढरा आणि दगडासारखा टणक. संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन.

“मॅडम, कोपऱ्याला खड्डा दिसतोय. माप चुकलंय. मी भरून घेऊ का?”

“भरलास तर तूच वाजवायला जायचं विट्याला.”

“कुठं?”

“काही नाही. आहे तस्सा कर.”

पक्का दात बसवायच्या दिवशी बँडचे मालक शौकतभाई स्वतः आले. बस म्हटलं तरी बसले नाहीत. दाराला टेकून उभे राहिले. मामांनी लग्नातली एक नेहमीची चाल धरली. शौकतभाईंनी बोट वर केलं. मामा वर गेले. बोट आणखी वर. मामा आणखी वर गेले आणि श्वास संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

शौकतभाईंनी खिशातून मोबाइल काढून आपल्या माणसाला फोन लावला. “त्या कीबोर्डवाल्याला सांग, यंदा नगं म्हणून.” मग माझ्याकडे वळले. “म्याडम, आमच्या ट्रंपेटवाल्याचा बी एक दात हालतोय. उद्या धाडू?”

“धाडा. ट्रंपेटसकट.”

रेश्मा वडिलांच्या दातांकडे बघत होती. दोन्ही कोपरे झिजलेले, अगदी जोडीने. “मॅच झालं म्हणायचं,” ती नाइलाजाने म्हणाली.

विट्याची ऑर्डर झाली. मामांनी सलग तीन तास वाजवलं, असं दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोनवर सांगितलं, तेही दोनदा.

मी केसपेपर नवे छापून घेतले. नाव, वय, बीपी, शुगर यांच्या खाली एक ओळ वाढवली: ‘या दातांनी खाण्याशिवाय काय काम करता?’ पहिल्याच आठवड्यात दातांनी दोरा तोडणाऱ्या एक शिवणकामवाल्या बाई निघाल्या आणि दातांत खिळे धरणारा एक सुतार. दोघांनाही व्हेनिअर हवं होतं. दोघांनाही मी नाही म्हटलं.