बोरिस, चारशे दहा मीटर

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चौदा वर्षं हेच काम. कुणी म्हणालं की "आपोआप झालं", तर माझा पहिला प्रश्न असतो – आधी काय केलं होतंस? आणि दुसरा – परत करून दाखव. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघंही हसायचो. आज मीच लिहायला बसलेय. कुणी हसलं तर माझी काही तक्रार नाही... मीही हसलेच असते.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आल्मेरेत राहतो. मी आले ती नवऱ्याच्या, म्हणजे केदारच्या व्हिसावर. दोन वर्षं घरात बसून भिंती मोजल्या, मग नोकरी मिळवली. आमच्या शेजारी विम राहतात. वय त्र्याहत्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इथे आजोबांच्या वयाच्या माणसालाही सरळ नावाने हाक मारतात, पण माझ्या जिभेला ते काही जमेना. मी त्यांना विमकाका म्हणायला लागले. त्याचा अर्थ कळल्यावर ते इतके खूश झाले की आमच्या पाहुण्यांना "मी काका" अशी स्वतःच ओळख करून द्यायचे.

विमकाका शिकारी. रीतसर परवाना असलेले. माझ्या सासूबाईंना हे व्हिडिओ कॉलवर कळलं, तेव्हा "त्यांच्याकडे चहासुद्धा घेऊ नकोस" असा हुकूम आला होता. त्यांचा कुत्रा बोरिस – तपकिरी-पांढरा, पॉइंटर जातीचा. या कुत्र्यांना सावजाचा वास लागला की ती भुंकत नाहीत, झडप घालत नाहीत. एक पाय उचलून, नाक पुढे करून जागच्या जागी थिजतात आणि मालक येईपर्यंत हलत नाहीत. याला शिकारी लोक 'पॉइंट' म्हणतात. बोरिस माझ्या पोळ्यांवरही पॉइंट धरायचा! आईच्या सवयीने मी पहिली पोळी गायीसाठी बाजूला काढते. गायी इथे ढीगभर आहेत, पण कुंपणाला वीज खेळवलेली असते. म्हणून ती पोळी बोरिसची.

लॉकडाऊन लागलं आणि विमकाकांचं सामान आम्ही आणू लागलो. त्यांचा एकच ध्यास होता. बॉर्डर उघडली की उत्तर स्वीडनच्या डोंगरात, रानकोंबड्यांच्या शिकारीला जायचं. शेवटची ट्रिप, असं ते म्हणायचे. तिकडे दिवसचे दिवस माणूस दिसत नाही, मोबाइलला रेंज नाही. त्यासाठी चांगला जीपीएस घ्यायचा होता आणि त्यांनी सल्ला विचारला केदारला. झालं! वर्क फ्रॉम होमने पिसाळलेल्या इंजिनिअरला आणखी काय हवं? एक्सेल शीट उघडली. सतरा मॉडेल्स. बटणं की टचस्क्रीन – हातमोजे घातले की टच चालत नाही. थंडीत बॅटरी किती तास टिकते, ती जंगलात बदलता येते का? उन्हात स्क्रीन दिसतो का? नकाशे सोबत येतात की वेगळे विकत घ्यायचे, त्यात डोंगराचे चढउतार दाखवणाऱ्या रेषा आहेत की नुसताच हिरवा रंग? प्रत्येकाला गुण, गुणांना वेटेज. पाच महिने हे चाललं होतं. शेवटी विमकाका म्हणाले, "केदार, मी एवढ्या वेळात चालत स्वीडनला पोचलो असतो."

घेतला तो मात्र त्यांच्याच पसंतीचा. केदारच्या यादीत चौथा, पण सोबत कुत्र्याचा पट्टा मिळणारा. पट्ट्यातून सिग्नल येतो आणि हातातल्या यंत्रावर दिसतं की कुत्रा कुठे आहे, किती लांब आहे, धावतोय की थांबलाय. त्याने पॉइंट धरला की यंत्र थरथरतं आणि दोनदा वाजतं.

जानेवारीत बोरिस गेला. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला. विमकाकांना तो पट्टा हातात धरवेना. मीच पट्ट्यातली बॅटरी काढली आणि दोन्ही वस्तू त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. हे मी मुद्दाम सांगतेय. बॅटरी मी काढली, माझ्या हाताने. केदारने विचारलं, यंत्राच्या यादीतून बोरिसचं नाव काढू का? "नको," ते म्हणाले. "राहू दे यादीत. जागा थोडीच खातोय."

मार्चमध्ये ते पुन्हा जरा माणसात आले. स्वीडनला जायचंच, मित्रांचे कुत्रे आहेत म्हणाले. मग सरावासाठी आम्ही फेलुवेच्या जंगलात गेलो. बाहेर दोघांनीच एकत्र फिरायचा नियम होता, केदारला मीटिंग होती, म्हणून मी आणि विमकाका. मास्क लावून, गाडीच्या काचा उघड्या ठेवून, कुडकुडत. पार्किंगला उतरल्यावर त्यांच्या अंगात आलं. खिशातून घडीच्या जागी फाटलेला जुना नकाशा काढला आणि जीपीएस माझ्या हातात दिला. "तू तुझ्या खेळण्याबरोबर जा, मी माझ्या नकाशाबरोबर. तीन वाटा मिळतात तिथल्या बाकावर भेटू. उशिरा येईल त्याने कॉफी पाजायची."

मी त्यांना एकटं जाऊ दिलं. पैज लावताना त्यांचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले होते, नाही म्हणवेना. ते लांबच्या वाटेने गेले, मी जवळच्या.

साडेअकराला मी बाकावर होते. बारा वाजले. साडेबारा झाले. बारीक गारांचा पाऊस सुरू झाला. फोन लावला तर नुसताच वाजत राहिला. (तो गाडीतच राहिला होता, हे नंतर कळलं.) हाका मारून घसा बसला. जंगल अफाट, वाटा सगळ्या सारख्या, कुठे शोधणार? त्र्याहत्तर वर्षांचा माणूस या थंडीत किती वेळ तग धरेल, हा हिशोब डोक्यातून जाईना. मला सरळ रडू फुटलं.

तेवढ्यात हातातलं यंत्र थरथरलं. दोनदा वाजलं.

*बोरिस. पॉइंटवर. ४१० मी.*

बाण डावीकडे दाखवत होता, वाट सोडून, झाडीत.

सवय जाते कुठे? पहिला विचार – जुना डेटा असणार. यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. एक मिनिट उपग्रह शोधत बसलं. मग पुन्हा थरथरलं. बोरिस. पॉइंटवर. ४१० मी.

मी केदारला फोन लावला. "मीटिंग सोड. किल्ली घे, काकांच्या घरी जा आणि ड्रॉवरमधला पट्टा बघ. आत्ता!"

"अगं, पण झालंय काय?"

"जा म्हणते ना!"

फोन कानाला लावून मी बाणाच्या दिशेने झाडीत शिरले. केदारच्या धापा ऐकू येत होत्या, दार उघडल्याचा आवाज, ड्रॉवर ओढल्याचा.

"पट्टा माझ्या हातात आहे," केदार म्हणाला. "बॅटरी शेजारी पडलीय. का?"

मी स्क्रीनकडे बघितलं. तिथली अक्षरं बदलली होती. *बोरिस. धावतोय.* तीनशे मीटर. दोनशे चाळीस. एकशे दहा. माझ्याकडे येत होता तो... पंचवीस मीटरवर थांबला. मी मान वर केली. समोर उघड्या खोडांची पाईनची झाडं, ओलं गवत, गारा. बाकी काही नाही. पान हललं नाही. मग आकडा वाढायला लागला. चाळीस, सत्तर, शंभर. आणि पुन्हा थांबला.

ही चाल मला ठाऊक होती. पोळी झाली की मी बाहेर येईपर्यंत तो अशाच खेपा घालायचा. माझ्यापर्यंत यायचा, माघारी जायचा, वळून बघायचा.

मी पळत सुटले. काट्यांनी पँट फाटली, ते घरी गेल्यावर कळलं. आकडा शून्याकडे यायला लागला तेव्हा समोर एक भलंमोठं उन्मळलेलं झाड आलं. त्याच्या मुळांपाशी खड्डा, आणि खड्ड्यात विमकाका. पाय विचित्र वाकलेला, ओठ निळे. वाटेवरून ते कधीच दिसले नसते, दहा पावलांवरूनही दिसले नसते. मी नाकाशी हात नेला. श्वास चालू होता.

११२ लावला. तिकडच्या बाईला मी यंत्रावरचे आकडे वाचून दाखवले, तिने पुन्हा म्हणून दाखवले. माझा कोट त्यांच्यावर टाकला, त्यांचे हात चोळत बसले. अर्ध्या तासाने वनखात्याची जीप आली, मागून स्ट्रेचर घेऊन माणसं. त्या अर्ध्या तासात स्क्रीनवर काय होतं ते सांगते. *बोरिस. पॉइंटवर. ३ मी.* मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. धीरच झाला नाही. स्ट्रेचर उचललं आणि यंत्र गप्प झालं. *बोरिस. संपर्क नाही.*

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर हाड जोडायची वेळच आली नसती.

केदारने तोवर सगळं तपासलं. पट्टा आणि यंत्र एकमेकांना नंबराने जोडलेले असतात, दुसऱ्याच्या कुत्र्याचा सिग्नल यात येत नाही. नमुन्यादाखल खोटा कुत्रा दाखवणारा डेमो मोड बंद होता. जुना डेटा म्हणावा, तर बोरिस जन्मात त्या जंगलात गेला नव्हता. कंपनीला सगळी फाइल पाठवली. "रेकॉर्डिंग नॉर्मल दिसते आहे," असं उत्तर आलं.

विमकाका घरी आल्यावर आम्ही त्यांना सगळं सांगितलं. कसं घेतील याची धाकधूक होती. केदारने लॅपटॉपवर नकाशा उघडून बोरिसचा माग दाखवला. पावणेबाराला तो सुरू होतो. झाडाचं मूळ तुटून आपण पडलो ती साधारण हीच वेळ, असं काका म्हणाले. आधी त्या खड्ड्याभोवती फेऱ्या. मग मोठे, आणखी मोठे वेढे, सगळ्या दिशांना. माणूस शोधत असल्यासारखे. जवळजवळ तासभर. मग मी बसले होते त्या बाकापर्यंत एक सरळ रेघ, तिथून परत, आणि पॉइंट.

म्हणजे यंत्र वाजण्याआधी तो माझ्याजवळ येऊन गेला होता. मी बाकावर रडत बसले होते तेव्हा.

विमकाका स्क्रीनजवळ सरकले. ती रेघ बोटाने पुसल्यासारखी करत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढा पळाला. कुणी पाणी दिलं का त्याला?"

मी तिथून उठून बाथरूममध्ये गेले आणि तोंडावर टॉवेल दाबून रडले.

स्वीडन राहिलंच. ते आता काठी घेऊन चालतात, यंत्र आमच्याकडे असतं. आमच्या कामात जो दोष पुन्हा करून दाखवता येत नाही, तो तसा शेरा मारून बंद करतात. हा मला बंद करता आला नाही. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर लिहा. केदारला हवंय ते.

मी मात्र आता जंगलात जाताना पिशवीत पाण्याची एक जास्तीची बाटली, एक वाडगा आणि पहिली पोळी घेते. बाकावर बसले की वाडगा भरून खाली ठेवते, आणि थोडा वेळ दुसरीकडे बघते.