जगतापचा तिसरा पाय

जगताप तिसऱ्यांदा पाय परत घेऊन आला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"सॉकेट चावतंय साहेब," तो म्हणाला. सॉकेट म्हणजे नकली पायाची वरची वाटी. गुडघ्याखाली उरलेला पाय तिच्यात बसतो. नव्वदीच्या सुरुवातीला मी लखनौच्या एका लष्करी हॉस्पिटलात असे पाय बनवत असे. जगताप साताऱ्याकडचा जवान. ट्रकच्या अपघातात त्याचा पाय गेला होता.

आमचे कर्नलसाहेब आधीच तापलेले. "चौथा नहीं बनेगा. फिटिंग देखो, नहीं तो उसका दिमाग देखो!"

मी फिटिंग पाहिलं. चावणारं सॉकेट कातडीवर लाल वळ उठवतं. इथे वळ सोडा, साधा डाग नाही.

"खरं सांगा, घालता का?"

"दार लावून घालतो. लगेच काढून ठेवतो."

"दार कशाला?"

तो खिडकीकडे बघत बोलला. "ते कुणी बघू नये. मीपण बघत नाही. माझा पाय तिकडं रस्त्यावर राहिला साहेब. हे कुणाचं आहे, मला ठाऊक नाही."

मी बाहेर आलो. बाहेर बाकावर त्याची बायको सुनंदा बसली होती. लखनौतल्याच तेलीबागहून दोघं रिक्षानं आलेली. तिला विचारलं, तर ती भडाभडा बोलायला लागली. "वेगळ्या खोलीत झोपतात. बोलत नाहीत. परवाचं गावचं तिकीट काढलंय माझं. म्हणतात, तू जा, इथं तुझं काही काम नाही. माझं काय चुकलं हो भाऊ?"

चुकलं कुणाचंच नव्हतं. पण ती गेली असती, तर हा माणूस त्या बंद दाराआडच राहिला असता. मला भीती वाटली ती याची.

मी आत जाऊन म्हटलं, "माप पुन्हा घेऊ. पण प्लास्टर वहिनी लावतील. चालेल?"

"नको." तो म्हणाला, "तिला किळस येईल."

"अहो, तुमच्या आईचं हगणं-मुतणं काढलंय मी," सुनंदा दारातूनच कडाडली, "पायाचं काय घेऊन बसलात!"

तो हसला नाही, पण पुन्हा नकोही म्हणाला नाही. डोळे मिटून बसला. साच्यासाठी तिनं प्लास्टरची ओली पट्टी पायावर गुंडाळली. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं.

"भाजतंय का?"

"नाही. बरं वाटतंय."

साचा काढून तिनं पाय पुसला. तेव्हा कुठे त्यानं डोळे उघडले आणि खाली पाहिलं.

"केवढा बारीक झालाय गं."

"मग? जेवता का धड?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले. मी उगाच साचा न्याहाळत बसलो.

साचा पार वाकडा आला होता. फेकून दिला. जुनंच सॉकेट ठीक होतं. ते घालून, तिचा खांदा धरून जगताप गेटपर्यंत चालत गेला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "भैया, स्टेशन चलो. टिकट वापस करना है."

कर्नलसाहेबांना मी एवढंच सांगितलं, "फिटिंग ओके." तेव्हापासून माप घेताना घरच्या माणसाला मी बाहेर बसवत नाही.