मला विचारलं नाही

शोभाताईंनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "किती वाजले? शाळा दीडला सुटते." नर्सला काहीच कळेना, म्हणून तिने मला बोलावलं होतं. २०२०चा ऑक्टोबर होता. आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या हॉस्पिटलात त्या पाळीला मराठी येणारी डॉक्टर मी एकटीच. "बारा वाजलेत," मी म्हटलं. "मग सोडा मला. लेकरू फाटकात उभं राहील."

शोभाताई नांदेडकडच्या. नवरा इथे हॉटेलात कुक होता. भांडणं विकोपाला गेली आणि तो दुसऱ्या देशात निघून गेला. त्याच्या व्हिसावर यांचा व्हिसा होता, तोही संपला. लोकांची घरं साफ करून त्या सहा वर्षांच्या लेकीला, गौरीला, सांभाळत होत्या. आता त्या कोविडने आडव्या झालेल्या, आणि संसर्गाच्या भीतीने मुलीला कोणी घरात घेईना. दुपारी सरकारी सोशल वर्कर फॉर्म घेऊन आली. मुलीला काही दिवस दुसऱ्या कुटुंबात ठेवायला आईची संमती हवी होती. फॉर्म मीच वाचून दाखवला. "तात्पुरतं आहे, बऱ्या झालात की परत मिळेल. करा सही," म्हटलं. आईला संमती केव्हाही मागे घेता येते, असं खाली लिहिलं होतं. वॉर्डात घाई होती. ते वाक्य मी गाळलं.

तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या, पण गौरी आली नाही. व्हिसाचा प्रश्न सुटू दे, मग बघू, असं गोड शब्दांत सांगितलं गेलं. आणि मग दुसऱ्याच खात्याचं पत्र आलं: तुम्हाला देशाबाहेर का पाठवू नये, ते पंधरा दिवसांत कळवा. पत्र घेऊन शोभाताई माझ्या दारात उभ्या राहिल्या. "मला विमानात घालतील आन् लेकरू इथंच राहील, असं होतंय का हो?"

मी सगळे कागद मागितले. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तो जुना फॉर्म पहिल्यापासून वाचताना मला माझंच गाळलेलं वाक्य भेटलं. मी कबूल केलं. त्यांनी फॉर्म पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "तुमी थकला होतात. पण आता गाळू नका. शेवटची ओळबी वाचा." त्यानंतर आमच्या भेटी अशाच. गॅस कंपनीचं पत्र असो की कोर्टाचं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याशिवाय त्या मला उठू देत नसत.

लॉकडाऊनमुळे मुलीची भेट फक्त व्हिडिओवर, आठवड्यातून एकदा. शोभाताई धुतलेली साडी नेसून वेळेआधीच फोनसमोर बसत. एकदा पडद्यावर गौरी आली ती मानेपर्यंत केस कापून. शोभाताई हसल्या. "छान दिसायलीस गं." गौरी इंग्रजीत म्हणाली, उवा झाल्या होत्या, ब्रीजने कापले. ब्रीज म्हणजे जिच्या घरी ती राहत होती ती बाई. कॉल बंद झाला तेव्हा शोभाताईंनी फोन पालथा ठेवला. "केस काय, वाढतील. पण मला विचारलं नाही. मी मेलेय का?"

मोफत कायदा केंद्राची वकील मिळाली आणि शोभाताईंनी संमती मागे घेतली. मीटिंगला मी भाषांतराला बसले. सोशल वर्कर म्हणाली, आईचंच इथलं राहणं नक्की नसताना मुलीला हलवणं बरोबर नाही, आम्ही कोर्टात जाऊ. शोभाताई माझ्याकडे वळल्या. "यांना सांगा, मला धाडायचं तर दोघींना धाडा. ठेवायचं तर दोघींना ठेवा. निम्मी माय कुठं पाठवता येत नाही." मी एकही शब्द गाळला नाही. प्रकरण कोर्टात गेलं. घर बघितलं गेलं, शाळेला विचारलं गेलं. मार्चमध्ये गौरी आईकडे परत आली.

व्हिसा मात्र मिळाला नाही. वकील म्हणाली, अजून लढता येईल. शोभाताई नको म्हणाल्या. "दर पत्राला लेकरू दचकायलंय. जाऊ आम्ही, आमच्या पायांनी."

ऑगस्टमध्ये मी त्यांना डब्लिनच्या विमानतळावर सोडायला गेले. रांगेत गौरी अचानक रडायला लागली. तिला ब्रीज हवी होती. मला वाटलं, आता शोभाताई चिडतील. त्यांनी फोन लावून लेकीच्या हातात दिला आणि बॅगांवर बसल्या. रांग पुढे सरकत होती, मागचे लोक वळसा घालून जात होते.

"तिनं तुम्हाला न विचारता..." मी बोलून गेले.

"हो. ते मी इसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण पाच महिने तिनं जेवू घातलं. तिचं नाव घरात बंद केलं, तर लेकरू माझ्यापासून चोरून रडंल."

गौरीचं बोलणं संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.