गाऱ्हाणं घालणाऱ्या तात्यांचे कान

तात्या काचेपलीकडे बसून मला सरळसरळ फसवत होते.

कानाच्या तपासणीची पद्धत साधी असते. पेशंटला साऊंडप्रूफ खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. मी बाहेरून मशीनवर बारीक-मोठे आवाज सोडते. ऐकू आला की बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. कुठला आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख निघतो. त्याला ऑडिओग्राम म्हणतात.

तात्यांचा दिवा दर वेळी लागत होता. अगदी बारीक आवाजालासुद्धा. वय एकोणऐंशी आणि ऑडिओग्राम कॉलेजातल्या पोराचा! माझं डोकं सटकलं. आधी मशीनला शिव्या दिल्या. मग लक्षात आलं की काचेतून माझा उजवा हात दिसतोय. मी आवाज सोडायला हात हलवला की तात्या बटण दाबत होते.

मी मशीन बंद केलं आणि नुसताच हात हलवला. दिवा लागला. नाकावरची माशी हाकलली. दिवा लागला. केस मागे सारले. पुन्हा दिवा.

दार उघडून मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तात्यानू, मशीन बंद आसा."

"मगे काय झाला?" तात्या शांतपणे म्हणाले. "माका वाटला, दाबलंय तर तुका बरा वाटतला."

मी मालवणात कानांचं क्लिनिक चालवते. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते मोजणारी आणि कमी येत असेल तर मशीन बसवून देणारी. औषध आणि ऑपरेशन हे शेजारच्या कानाच्या डॉक्टरांचं काम. बावीस वर्षांत नाटकं पुष्कळ पाहिली. ऐकू येत असून येत नाही म्हणणारे असतात, सासूशी बोलायला नको म्हणून बहिरे होणारे असतात. पण येत नसताना इतक्या हुशारीनं येतंय म्हणणारे तात्याच. हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं लिहिलं तर ते देवासमोर उभे राहून माझी तक्रार करतील, आणि ते काम त्यांना फार छान जमतं.

तेच तर सगळं प्रकरण होतं. आचऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा गाव. तिथल्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. आमच्याकडे देवाशी मनातल्या मनात बोलत नाहीत. एक माणूस नारळ हातात घेऊन, देवाकडे तोंड करून, साऱ्या गावाच्या वतीनं खणखणीत आवाजात मागणं घालतो. ते गाऱ्हाणं. त्याचं एक वाक्य संपलं की मागे उभा असलेला गाव एकसुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" तो होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य घ्यायचं नाही. चाळीस वर्षं तात्या हे करत होते.

मागच्या जत्रेला घोळ झाला. तात्यांनी पहिलं वाक्य घातलं. गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." तात्या उभेच. त्यांनी तेच वाक्य पुन्हा घातलं. गाव पुन्हा म्हणाला. असं चारदा झालं. पाचव्या खेपेला तात्या देवाकडे पाठ करून गावावर ओरडले, "तोंडात काय मिठाची गुळणी धरल्यात रे सगळ्यांनी?"

सगळं देऊळ हसलं. चाळीस वर्षांच्या मानावर देवासमोर पोरंटोरं हसली. मग गावच्या जाणत्यांनी ठरवलं, पुढच्या जत्रेला असंच झालं तर मान पुतण्याकडे, प्रकाशकडे.

आणि तपासणीला तात्यांना घेऊन आला होता तोच प्रकाश. पंचेचाळिशीचा, खिशाला पेन, बोलणं एकदम ऑफिसातलं. "मॅडम, तुम्ही फक्त लेटरहेडवर लिहून द्या की ह्यांना ऐकू येत नाही. बाकीचं मी बघतो."

तात्यांना ते ऐकू आलं नसावं, पण कळलं बरोबर. ते टेबलावर वाकले. "बाय, तू लिवन दी, माका सगळा ऐकाक येता. माझे कान बरे आसत. गावच बोलणा नाय आता."

बाजूला काकी बसल्या होत्या. त्यांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, "तेंका व्हया तेवढाच ऐकाक येता."

घ्या! एकाला हो लिहून हवं, दुसऱ्याला नाही. मी म्हटलं, "मी कोणाचाच कागद लिहिणार नाही. आधी कान बघू दे."

ऑटोस्कोप म्हणजे पुढे दिवा आणि भिंग लावलेलं हत्यार. उजव्या कानात बघितलं तर मळाचं बूच, त्यावर काळे ठिपके. ती बुरशी. डावा कान तर पूर्ण बंद. मळ वाटला, पण नव्हता. तेलात भिजलेला कापसाचा बोळा होता.

"काकी, ह्यो कापूस कोणी घातलो?"

"मीयाच. लसूण घालून खोबरेल कडवतंय आणि कानात सोडतंय. गणपतीत घातललंय."

"ह्या वर्षीच्या गणपतीत?"

काकी पदराचं टोक तपासू लागल्या.

आमच्या किनारपट्टीवर निम्म्या कानांची हीच कथा. पावसाळ्यात हवा ओली, त्यात कानात तेल. बुरशीला आणखी काय पाहिजे? वर खाज आली की किल्ली, काडी, केसांची पिन, जे हाताला लागेल ते कानात. कानाचा मळ आपोआप बाहेर येतो, त्याला ढकलून आत नेणारे आपणच. काकींना मी चांगलंच झापलं. त्या तेवढ्यापुरत्या हो म्हणाल्या. मी तेलाची बाटली माझ्याकडे आणून जमा करा म्हटलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

शेजारच्या डॉक्टरांनी बोळा काढला, मळ काढला, बुरशीवर दहा दिवसांचे थेंब दिले. दहा दिवसांनी तात्या पुन्हा आले. ह्या खेपेला मी खुर्ची फिरवली आणि त्यांची पाठ काचेकडे केली. आता मी हात हवा तेवढा हलवला तरी दिसणार नव्हता.

खरा ऑडिओग्राम निघाला. मळामुळे अडलेलं मोकळं झालं होतं, पण खाली वयाचं नुकसान होतंच, दोन्ही कानांत. अशा माणसाला खालच्या पट्टीतले आवाज बरे येतात, वरच्या पट्टीतले येत नाहीत. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. गर्दीत ढोल, घंटा, पोरांचा कालवा असला की माणसांचं बोलणं त्यात बुडून जातं.

पण एक गोष्ट मला सुटत नव्हती. माझ्याशी तात्या मस्त गप्पा मारत होते. मासे काय मिळाले, रेडीहून कोण पाहुणा आला, सगळं. उत्तरं बरोबर. मी सहज त्यांच्या मागे फाइल आणायला गेले आणि विचारलं, "तात्यानू, चाय घेतलास?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. समोर येऊन तेच विचारलं.

"घेतलंय तर. साखर कमी होती."

तात्या डोळ्यांनी ऐकत होते! समोरच्याच्या ओठांवरून. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. घरात, बाजारात खपून जात होतं, कारण माणूस समोर असतो.

"गाऱ्हाणा घालताना तुमचा तोंड खंय?"

"देवाकडे. आणि खंय आसतला?"

"आणि गाव?"

"पाठसून."

म्हणता म्हणता त्यांनी स्वतःच मागे वळून बघितलं. मी समोर बसून सावकाश सांगितलं, "तात्यानू, गाव बोलता. दर वर्षी बोलता. तुमका त्यांचे ओठ दिसणत नाय, म्हणान ऐकाक येणा नाय."

तात्या उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "माका वाटला, लोकांका माझो कंटाळो इलो. तीन वर्सां झाली, मी तसाच समजतंय." काकींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. तीन वर्षं हा माणूस एका मळाच्या बुचामागे आणि वयामागे बसून साऱ्या गावावर रुसला होता.

पण दुसऱ्याच मिनिटाला कानातल्या मशीनचा विषय निघाला आणि माझी दया संपली.

"देवाच्या दारात यंत्र घालूचा? नाय जमाचा."

"चष्मा घालून जातास ना?"

"तो चष्मो!"

"आणि देवळात भोंगो लावल्यानी, तो काय देवान हाडल्यान?"

तात्यांनी काकींकडे बघितलं. काकी छताकडे बघत होत्या. शेवटी ट्रायलला तयार झाले.

हियरिंग एड घातलं की लगेच सगळं गोड ऐकू येतं, हा एक मोठा गैरसमज. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूवर एकदम येऊन आदळतात. दुसऱ्याच दिवशी तात्या मशीन मुठीत धरून हजर. "पंखो ऐकाक येता, चपली ऐकाक येतत, बायल भांडी घासता ती माझ्या डोक्यात घासता. काढून घे!"

मी काढून घेतलं नाही, आवाज थोडा उतरवला. पहिला आठवडा दिवसाला तास, मग दोन तास, मग दिवसभर. आंघोळीला काढायचं. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावर जाळं ओढायला, जायचं असेल तर घरी ठेवायचं. खारी हवा आणि घाम मशीनला खातात, म्हणून काढलं की ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवायचं. काकींनी पहिल्या दिवशी ते तांदळाच्या डब्यात ठेवलं. मी काही बोलले नाही, तेलापेक्षा तांदूळ बरा.

आता राहिला होता सराव. जत्रेला पंधरा दिवस होते. मी तात्यांना क्लिनिकमधल्या कॅलेंडरवरच्या देवाकडे तोंड करून उभं केलं. मागे आमची रिसेप्शनिस्ट वैशाली, वेटिंगमधले चार पेशंट आणि मी. मोबाइलवर ढोल लावला.

"बा देवा म्हाराजा!" तात्यांनी आवाज लावला आणि काच हादरली.

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. चार पेशंटांपैकी दोघांना कमी ऐकू येत होतं, ते जरा उशिरा म्हणाले.

तात्या थबकले. त्यांचे खांदे हलले. मग एकदम वळून म्हणाले, "इलो गो! इलो आवाज!" आणि उत्साहात त्यांनी माझ्या क्लिनिकच्या भरभराटीचं अख्खं गाऱ्हाणं घालून टाकलं. गावातल्या सगळ्यांचे कान बिघडू देत असं काहीतरी ते मागायला लागले, तेव्हा मी थांबवलं.

जत्रेच्या सकाळी मी मुद्दाम गेले. देऊळ भरलेलं. तात्या नारळ घेऊन पुढे उभे, केसांत अर्धवट लपलेली दोन मशीनं. त्यांच्यामागे दोन हातांवर प्रकाश. हा पठ्ठ्या सोवळं नेसून, उपरणं घेऊन तयारीनिशी आला होता. मी बायकांच्या रांगेच्या कडेला, त्याच्या शेजारीच. मशीन शिट्टी मारेल का, बॅटरी जाईल का, सगळं डोक्यात.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमा झाली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्यांनी नेमका श्वासभर वेळ घेतला. "जी मुंबयक आसत, जी दर्यात आसत, तेंची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एकही वाक्य चुकलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात प्रकाश शेजारच्याच्या कानाला लागला. ऑफिसातली मराठी कधीच गळून पडली होती. "थांब वायच. पुढच्याक अडाकतलो म्हातारो. म्हणान तर मी सोवळा नेसान इलंय."

आणि तात्या थांबले.

मी मनात आकडे मोजू लागले. एक, दोन, तीन. प्रकाशनं उपरणं सावरलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.

तात्यांनी नारळ डोक्याच्या वर उचलला. "आणि बा देवा म्हाराजा! माझ्या पाठसून दोन हातार जो कोण सोवळा नेसान उभो आसा, आणि म्हातारो कधी अडाकता म्हणान वाट बगता आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"...तेका बरी बुद्दी दी, आणि माझो मान घेवक आणखी धा वर्सां वाट बगूची ताकद दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज प्रकाशचा होता. लहानपणापासूनची सवय, तात्यांचं वाक्य संपलं आणि तोंडातून निघून गेलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तोंड उघडंच राहिलं. देऊळ हसत सुटलं. ह्या वेळी तात्याही हसत होते.

गावच्या जाणत्यांनी मानाचा विषय तिथेच मिटवला. त्यातले सगळ्यात वडील म्हणाले, "प्रकाशान स्वता देवासमोर व्हय म्हटल्यान. आता धा वर्सां कोणी काय बोलूचा नाय." देवासमोर दिलेला होकार आमच्याकडे मागे घेत नाहीत.

पुढच्या आठवड्यात प्रकाश क्लिनिकमध्ये आला. पुन्हा ऑफिसातल्या मराठीत. "मॅडम, काकांच्या मशीनचा व्हॉल्यूम थोडा कमी करता येईल का?"

"येतो की. काकांना घेऊन या, त्यांनी सांगितलं की करते."

तो परत आला नाही. पण त्या दिवसापासून हियरिंग एड देताना मी पेशंटला बाहेर बसवते आणि घरच्यांना आत बोलावून एक सूचना जादा देते. ह्यांच्याविषयी जे काय बोलायचं असेल, ते आजपासून समोर येऊन बोला.