दादाने व्हॅनचा ॲक्सल निवडला

माझ्या दादाचा डावा पाय कधीच त्याच्या ताब्यात नव्हता. आणि त्याने बांधली ती स्पोर्ट्स कार.

आज सकाळी दादा गेला. माधवदादा.

तुमच्यातल्या बहुतेकांनी त्याला म्हातारा झालेलाच पाहिलाय, म्हणून लिहितेय. म्हणजे मी बोलतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आम्ही अंधेरीला राहायचो. दादा नुकताच ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीला लागला होता, मी कॉलेजात होते. लहानपणी पोलिओ झाला आणि त्याचा पाय वाळला. काठी घेऊन चालायचा.

कुणी हात पुढे केला की भडकायचा.

फ्रान्सिस त्याचा जिगरी दोस्त. वर्सोव्याच्या रस्त्याला त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे तो गाड्या दुरुस्त करायचा. बाहेर बोंबील सुकत घातलेले, आत हे दोघे ग्रीसमध्ये माखलेले.

एका ठोकलेल्या छोट्या मोटारीची चासी आणि इंजिन घेऊन त्यांनी दोन सीटची उघडी गाडी उभी केली. लांब नाकाची. पत्रा स्वतः ठोकून.

जुहूच्या धावपट्टीवर तेव्हा कधीमधी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तिथे उतरायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

अडलं मागच्या ॲक्सलवर.

सोपं करून सांगते. टॉप गिअरमध्ये इंजिन किती वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरणार, ते ॲक्सलमधल्या दातेरी चाकांवर ठरतं. आकडा मोठा, तर हळू असतानाही जोर जास्त, पण टॉप स्पीड कमी. मोटारीचा मूळ ॲक्सल साडेचारचा होता. त्याच्यावर गाडी सरळ रस्त्याला झकास पळायची. पण गाडी जरा हळू झाली की इंजिन गुदमरायचं. गिअर खाली घ्या, परत वर टाका.

दर वेळी क्लच दाबा.

क्लच म्हणजे डावा पाय.

हाताने दाबायचा क्लचही करून पाहिला होता दोघांनी. पण एक हात स्टिअरिंगवर, दुसरा क्लचवर, मग गिअर काय दातांनी टाकणार?

पहिल्या ट्रायलला मी शेजारी बसले होते. शेडपासून अंधेरीच्या रेल्वे फाटकापर्यंत. वाटेत बैलगाड्या, टांगे, सायकली. दादा क्लच दाबायचा तो मांडीच्या जोरावर, आख्खं अंग पुढे झोकून. परत येताना पाय उचलेना, तेव्हा पँट मुठीत धरून त्याने तो पेडलवरून बाजूला केला.

मी समोर बघत राहिले. बघितलं असतं तर मला उतरवलं असतं त्याने.

शेडमध्ये आल्यावर म्हणाला, "फ्रान्सिस, कुर्ल्याच्या भंगारात ह्याच कंपनीच्या डिलिव्हरी व्हॅनचा ॲक्सल पडलाय. सव्वापाचचा. तो टाकू."

"व्हॅनचा? अरे, घरोघर पाव पोचवायचेत काय आपल्याला? टॉप स्पीडची वाट लागेल. सरळ पट्टीवर सगळे तुला मागे टाकतील, आणि इंजिन नुसतं बोंबलत बसेल."

"बोंबलू दे. पण एकदा टॉपमध्ये टाकली की टॉपमध्येच राहील. वळणावरसुद्धा."

फ्रान्सिसने हातातला पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मध्या, ऐक ना. साडेचारच ठेवू. शर्यतीत मी चालवतो. गाडी तुझीच राहील ना."

तो वाईट बोलत नव्हता. त्यालाही तो पाय दिसला होता.

दादाने काठी भिंतीला टेकवली.

"मला सगळ्यात फास्ट गाडी नकोय रे. मला चालवता येईल अशी सगळ्यात फास्ट गाडी हवीय."

विषय संपला.

व्हॅनचा ॲक्सल रुंद निघाला. स्प्रिंगांच्या पट्ट्या बदलल्या, ब्रेकचे पाइप नव्याने वाकवले. फ्रान्सिस रोज शिव्या घालायचा आणि रोज गाडीखाली शिरायचा.

शर्यतीच्या सकाळी धावपट्टीच्या दोन्ही टोकांना पिंपं ठेवली होती. त्यांना वळसा घालून परत यायचं, पुन्हा जायचं.

मी आणि फ्रान्सिस कडेला उभे होतो. झेंडा पडला. सरळ पट्टीवर फ्रान्सिस म्हणाला होता तस्संच झालं. एकामागून एक गाड्या दादाला मागे टाकून गेल्या. आमचं इंजिन किंचाळत होतं, वेग काही वाढेना. बाजूचा एक जण हसून म्हणाला, "ही कसली स्पोर्ट्स कार? लॉरी आहे लॉरी!"

फ्रान्सिस त्याच्याकडे असा वळला की मी त्याचा शर्ट धरला.

मग वळण आलं. सगळ्यांचे गिअर खडखडले. दादाने टॉपमध्येच वळवली. गाडी थरथरली, गुरगुरली, मला वाटलं आता बंद पडते. नाही पडली. पिंपाला घासून बाहेर निघाली आणि दोघांना मागे टाकून गेली.

पुढच्या टोकाला पुन्हा तेच.

पहिला नाही आला. दुसराही नाही. तिसऱ्याच्या मागे, अगदी चिकटून आला. काही गाड्या तर वाफा सोडत मध्येच उभ्या राहिल्या होत्या.

गाडी थांबली. दादाचा चेहरा राखेसारखा झालेला. फ्रान्सिस धावत गेला, त्याला उचलायला हात घातले.

"थांब. मी उतरतो."

वेळ लागला. माणसं जमली होती. आधी उजवा पाय बाहेर, मग हाताने डावा, मग काठी. उभा राहिला. मग मात्र फ्रान्सिसच्या गळ्यात हात टाकून इतका हसला, इतका हसला, की दोघेही धावपट्टीवर बसले.

माझं लग्न झाल्यावर मला सासरी, मुलुंडला, त्याच गाडीतून सोडलं त्याने. शालूवर धुळीचा थर. सासूबाई बघतच राहिल्या.

नंतर संसार झाले. गाडी गेली, शेड गेली, फ्रान्सिस जाऊनही बरीच वर्षं झाली.

आज दुपारी दादाला निरोप दिला. मुलाने, सुनेने, नातवंडांनी.

मोठे शब्द मला जमत नाहीत.

नमस्कार करते, दादा. सावकाश जा.

तुझी,
कुसुम