तिजानीचा एक्क्याऐंशी खणांचा डबा

तिजानीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या बाह्यांवरच्या पांढऱ्या भुकटीमुळे. मार्च महिना होता. ट्युनिशियातल्या आमच्या तोझरमध्ये मादी खजुरांवर नराचा मोहोर बांधायचे ते दिवस. पाचवीतलं पोरगं, अर्धा तास संपल्यावर दारात उभं.

"कुठे होतास?"

"झाडावर, सीदी." मोठ्या माणसाला आमच्याकडे सीदी म्हणतात.

"आणि शाळा?"

"शाळा उद्यापण असते, सीदी. मोहोर उद्या नसतो."

वर्ग हसला, मीही हसू दाबलं. त्याच आठवड्यात त्याने मला विचारलं, "बी रुजवून आलेलं झाड नर की मादी, ते लहानपणीच कसं ओळखायचं?" मी गणिताचा मास्तर. म्हटलं, "फुलेपर्यंत थांबायचं."

"पाच-सात वर्षं पाणी घालायचं, आणि नर निघाला तर?"

"तर तोडायचं."

हे उत्तर त्याला मुळीच पटलं नाही.

पुढे त्याचा बाप झाडावरून पडला आणि कमरेतून गेला. तिजानीने नववीत शाळा सोडली. गावाबाहेरच्या खजूर संशोधन केंद्रात तो आधी बागेत लागला, मग प्रयोगशाळेत नळ्या धुवायला, आणि दहा-बारा वर्षांत तिथला पक्का मदतनीस झाला. पानं आणायची, त्यांतून जनुकद्रव्य काढायचं, ते बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरायचं, नळ्या खणांच्या पुठ्ठ्याच्या डब्यात ओळीने लावून अतिथंड कपाटात ठेवायच्या, हे सगळं तो करी. झाकणांवरची शाई बर्फाने पुसते, म्हणून कुठल्या खणात कुठलं झाड हे तो वहीत लिहून ठेवी. अक्षर वळणदार, अरबी.

आठ वर्षांपूर्वी केंद्राने संशोधकांसाठी जैवमाहितीशास्त्राचा पाच दिवसांचा अभ्यासवर्ग ठेवला. जनुकांची माहिती संगणकावर कशी वाचायची, ते शिकवायला. केंद्रात पुरेसे संगणक नव्हते, म्हणून वसंताच्या सुट्टीत आमच्या शाळेची संगणकखोली घेतली. मी निवृत्त झालो होतो, पण मुख्याध्यापक गावाला गेले की किल्ल्या माझ्याकडे असत. उघडून द्यायची, बंद करायची, मध्ये मागच्या बाकावर बसायचं.

वीस जण आले होते. ट्यूनिसहून, स्फाक्सहून, दोघं अल्जीरियातून. त्यांत त्रेचाळीस वर्षांचा तिजानी, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला जागा मिळवून दिली होती नौरसने. ही स्फाक्सची मुलगी, केंद्रात डॉक्टरेट करत होती. विषय तोच, रोप लहान असतानाच नर-मादी ओळखायचं. एक्क्याऐंशी मोठी, फुलणारी झाडं निवडली, ज्यांचं नर-मादी सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे नमुने तिजानीने काढले. तिने ते परदेशी वाचायला पाठवले. चार वर्षांचं काम. वर्गात सरावाला तीच माहिती घ्यायची ठरली होती. तिने नोंदणीच्या अर्जावर तिजानीच्या नावापुढे 'सहसंशोधक' लिहिलं होतं. नियमात ते बसत नव्हतं आणि ते दोघांनाही माहीत होतं.

शिकवायला डॉक्टर शादली, राजधानीचे. माणूस हुशार, बोलणं तिखट. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांकडून एक चित्र काढून घेतलं. दर झाडाचा एक ठिपका, मादी लाल, नर निळा. माहिती बरोबर असेल तर लाल एकीकडे, निळे दुसरीकडे. पडद्यावर ठिपक्यांचे ढीग दोन पडले खरे, पण दोन्ही ढिगांत लाल-निळ्याची खिचडी.

"नमुने चांगले आहेत," शादली म्हणाले. "नावं चुकलीत. बागेत कुणीतरी नराला मादी म्हणून बसलंय."

तिजानी उठला. "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे सात वर्षांचं पोरसुद्धा फुललेला नर ओळखतं."

"मग आठ वर्षांच्याने चूक केली असेल."

सगळे हसले. नौरस हसली नाही. शादलींनी तिला शांतपणे सांगितलं, "कुठली नावं बरोबर तेच माहीत नसेल तर हे सगळं टाकून द्यावं लागेल, बेटा. पुन्हा नमुने, पुन्हा पैसे, पुन्हा दोन वर्षं." तिची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती.

दुपारी सगळे अंगणात तिखट सारण भरलेली मतबगा रोटी खात बसले. तिजानी आत माझ्या बाकावर आला. हातात यादीचा छापील कागद आणि त्याची वही. जी झाडं ठीक आपल्या रंगाच्या ढिगात पडली होती, त्यांच्याभोवती त्याने पेन्सिलने गोल केले होते.

"बघा ना, सीदी. काही योगायोगाने बरोबर येणारच. पण हे बघा. पाच बरोबर. चौदा बरोबर. तेवीस, बत्तीस, एक्केचाळीस..."

"पन्नास, एकोणसाठ," मी म्हटलं. गणिताच्या मास्तराची जीभ थांबत नाही.

"अडुसष्ट, सत्त्याहत्तर. पाचपासून दर नववा बरोबर. नऊच्या नऊ."

डब्यात नऊ ओळी, ओळीत नऊ खण. पाचवा खण म्हणजे ओळीचा मधला. ओळ उलटी फिरवली तरी मधला जागचा हलत नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तिजानीचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला ते माझ्या आधीच कळलं होतं.

"मी उजवीकडून भरले, सीदी. वही उजवीकडून लिहितो, तसाच डबा. वीस वर्षं असाच भरतोय, आणि आजवर नळ्या काढूनही मीच द्यायचो. यादी दिली एक ते एक्क्याऐंशी. तिने नळ्या उचलल्या डावीकडून. ती सगळं फ्रेंचमध्ये शिकलेली. तिला काय माहीत, आणि मला काय माहीत."

त्याची अडचण मला कळत होती. वीस शिकलेल्या माणसांपुढे उभं राहून सांगायचं, की बाग नाही चुकली, मी चुकलो. वर 'सहसंशोधक'. केंद्राचे संचालक चारला निरोप समारंभाचं ठरवायला येणार होते.

"नौरसला एकटीला सांग," मी म्हटलं.

"एकटीला सांगितलं तर तिच्यावर येईल, की हिने आकडे फिरवले." त्याने वही काखेत मारली. "आणि आमच्या बागेवर बोलले ते."

तास सुरू झाला तसा तो फळ्यापाशी गेला. डब्याचं चित्र काढलं, उजव्या कोपऱ्यात एक लिहिला. "मी इथून सुरू केलं," एवढंच म्हणाला.

मागून अल्जीरियाच्या एका बाईने हळूच विचारलं, "मग कुठून सुरू करतात?" तेव्हा दोन-तीन जण चुळबुळले, त्यांनाही आपापले डबे आठवले असावेत. ती बाई सकाळी हसणाऱ्यांपैकी होती.

शादलींनी संगणकात दर ओळ उलटी केली आणि चित्र पुन्हा काढलं. लाल एकीकडे, निळे दुसरीकडे. नौरसने तोंडावर हात धरला. एकच निळा ठिपका लाल ढिगात उरला होता, सदतीस नंबरचा.

"हा?" शादलींनी विचारलं.

तिजानीने वही उघडली, बराच वेळ पाहिलं. "हा मात्र मी चुकलोय, साहेब. त्या दिवशी वारा होता, शेजारच्या झाडाची झावळी हातात आली असेल."

यावेळी शादलीसुद्धा हसले. "आठ वर्षांचा सापडला," ते म्हणाले.

चारला संचालक आले. त्यांनी अर्जावरचा शब्द वाचला, गोष्ट ऐकली आणि नियम मोडला म्हणून तिजानीला प्रमाणपत्र द्यायला नकार दिला. नौरस भांडली. तिजानी तिला म्हणाला, "जाऊ दे गं, भिंतीला खिळा नाहीये माझ्या." तिने पुढच्या वर्षी प्रबंध दिला. त्यात आभाराच्या पानावर त्याचं नाव पहिलं आहे. तो कागद त्याने मला दाखवला, घडी करून परत खिशात ठेवला.

त्याच्या दाराशी बी रुजवून आलेलं एक रोप आहे. गुडघ्याएवढं असताना त्याने पानाचा तुकडा नौरसला दिला होता; मादी निघाली. अजून फुललेलं नाही. तो रोज पाणी घालतो.

तिजानी आजही केंद्रात मदतनीसच आहे. अभ्यासवर्ग दरवर्षी मार्चमध्ये भरतो, आणि पहिल्या दिवशीचा पहिला तास त्याच्याकडे असतो. डबा कसा भरायचा, ते तो शिकवतो.